खुर्चीवर बसलेली अनोळखी बाई

दहा डिसेंबर. सकाळी चहाच्या आधी कमोडची खुर्ची जोडायला घेतली. औषधाच्या दुकानातून आणलेलं खोकं आठवडाभर दारामागं पडून होतं. चार पाय, दोन हात, मध्ये भोक असलेली बैठक, खाली सरकवायचं भांडं आणि पिशवीभर नट. सोबतचा कागद वाचायच्या भानगडीत पडले नाही. वॉर्डात अशा कितीतरी जोडल्यात. जोडून झाल्यावर स्वतः बसून पाहिलं. एक पाय डुगडुगत होता, त्याचं रबर नीट बसवलं. मग खुर्ची मिटवली आणि जुन्या साडीच्या काठानं बांधून टाकली, म्हणजे एसटीत उघडणार नाही.

खुर्ची मावशीसाठी होती. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, कन्नडला मुलाकडं असते. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता खाली बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मावशी जन्मभर खालीच बसलेली. ती ऐकत नाही, तुम्हीच या, असा सुनेचा फोन आला. मी परिचारिका आहे. न ऐकणारी माणसं माझ्यावर सोपवायची हे आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ झालंय.

पण खुर्ची हे जाण्याचं अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं एक्स-रेच्या जुन्या पाकिटात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून ठेवलं होतं. तो एक फोटो होता. मावशीनं तो बघून “ही माझी बहीण” एवढं म्हणायचं होतं. त्याशिवाय त्या फोटोखाली माझ्या आईचं नाव लागणार नव्हतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या सुमारास आमच्या वॉर्डात एक आजी दाखल होत्या. त्यांची सून एका महाविद्यालयाचं लहानसं संग्रहालय सांभाळते. दुपारी आजींचा डोळा लागला की ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायची. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला सिस्टर. आपण बसण्यावर प्रदर्शन करतोय, असं तिनं सांगितलं. बसण्यात बघण्यासारखं काय असतं, असं मी विचारलं. कोण बसलंय आणि कोण उभं आहे एवढंच बघायचं, ती म्हणाली. आणि घरात जुना फोटो असला तर घेऊन या.

आमच्या घरात जुना फोटो एकच. वडिलांना जिल्हा परिषदेच्या शाळेवर नोकरी लागली तेव्हा स्टुडिओत जाऊन काढलेला. वडील खुर्चीवर बसलेत, अंगात उसना कोट, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. आई खुर्चीमागं उभी. पदर कपाळापर्यंत, नजर खाली, कमरेखालची सगळी खुर्चीच्या पाठीआड गेलेली. भिंतीवर ऊन यायचं त्यामुळं तिचा चेहरा पुसट झालाय. आई गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला समोर ठेवायला फोटो हवा होता. हा चालेना म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून घेतला. त्यात ती कुठून तरी पकडून आणल्यासारखी दिसते. तोच हारात घालून विहारात ठेवला. दुसरा नव्हताच.

फ्रेमचे खिळे उपटून फोटो काढला आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालयात घेऊन गेले. लांबट खोली आहे, पूर्वी प्रयोगशाळा असावी. भिंतीला अजून नळ आहेत. मांडामांड चालली होती. पितळी फुलं ठोकलेले पाट होते, चौरंग होता, लोड आणि तक्के होते, आणि त्यांच्यापुढं मुनीमजीची उतरत्या झाकणाची पेटी. गोऱ्या साहेबांची घडीची खुर्ची होती, ती म्हणे बैलगाडीवर बांधून मुक्कामाच्या गावी आधी पाठवायचे. साहेब मागून घोड्यावर यायचा, तोवर त्याचं बसणं येऊन थांबलेलं असायचं. न्हाव्याची मान मागं टाकायची खुर्ची होती. एका जुन्या दवाखान्यातलं बाळंतपणाचं स्टूल होतं, बसक्या बुडाचं, पुढून अर्धगोल कापलेलं. ते बघून मॅडम जरा ओशाळल्यासारख्या झाल्या. मला त्यात खोट दिसली नाही. बसून बाळंत होणं बाईला सोपं जातं. आपण तिला आडवी केली ती डॉक्टरांच्या सोयीसाठी.

भिंतींवर फोटो. निजामी अमलातले शेरवानी घातलेले अंमलदार एका ओळीत खुर्च्यांवर, मागं चपराशी. शाळेचे गट फोटो: मास्तर खुर्च्यांवर, मोठी मुलं मागं उभी, लहान पुढं मांडी घालून. बंगल्यासमोर टेनिसच्या बॅटा मांडीवर घेऊन बसलेले साहेब. एका गावच्या चावडीचा फोटो होता. मधल्या दोन खुर्च्यांवर दोघे, जाजमावर आठदहा, जाजमाबाहेर मातीत काही उकिडवे, आणि अगदी कडेला काहीजण उभे, अर्धे फोटोत आणि अर्धे बाहेर. त्यांत आमची माणसं कुठं असतील ते मला विचारावं लागलं नाही.

नवराबायकोचे फोटो म्हणजे सगळे आमच्यासारखेच. नवरा बसलेला, बायको उभी. बसलेल्या बायका थोड्या होत्या आणि त्या सगळ्या जरीच्या, दागिन्यांच्या. मॅडमचं म्हणणं असं की साध्या घरची बाई फोटोत बहुधा उभी सापडते, मोठ्या घरची बसलेली. इतके फोटो चाळल्यावर आता लांबून सांगता येतं, त्या म्हणाल्या.

खोलीच्या मध्यभागी एक खुर्ची होती. काळसर सागवान, पाठीला कोरीव वेल, दोन्ही हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. उजव्या सिंहाचा खालचा जबडा तुटलेला. मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. ती खुर्ची मी लहानपणापासून बघत आले होते. आमच्या फोटोतलीच ती. वडिलांची खुर्ची, पुढं कधीतरी विकली असेल, असं मी धरून चालले होते. तसं म्हटल्यावर मॅडम हसल्या.

“सिस्टर, निम्मं शहर या खुर्चीत बसून गेलंय. ही स्टुडिओची.”

जुन्या शहरातला तो स्टुडिओ कधीच बंद पडला होता. मालकाच्या नातवानं खुर्ची, रंगवलेला पडदा आणि निगेटिव्हचे डबे संग्रहालयाला देऊन टाकले. निगेटिव्ह एकेक सुटी, डब्यांत कोंबलेली, बरीचशी दमटपणानं चिकटलेली. कोण कुणाचं ते कुठं लिहिलेलं नाही. मॅडमनी मला एक गंमत दाखवली. या खुर्चीतल्या प्रत्येक फोटोत तो तुटका जबडा झाकलेला आहे. कुणाचा हात त्यावर आहे, कुणाचा रुमाल, कुठं फुलदाणीच मध्ये आणून ठेवलीय. आमच्या फोटोत वडिलांचा पंजा त्यावर आहे. मी समजायची, वडील ताठून बसलेत.

मग मी पलीकडच्या भिंतीपाशी गेले आणि तिथं आई बसलेली होती.

यात नाट्य काही नव्हतं. बाजारात आई समोरून आली तर माणूस जसं ओळखतं तसं ओळखलं. तीच खुर्ची, पण फोटोत दुसरं कोणी नाही. पाठ टेकलेली, पदर खांद्यावर आलेला, तोंड किंचित उघडं, समोर काय चाललंय ते बघितल्यासारखी नजर. पाय अनवाणी, एकावर एक. उजव्या हाताची मूठ मांडीवर आणि अंगठा मुठीच्या आत. खुर्चीचा तुटका जबडा उघडा दिसत होता. खाली पाटी होती: “प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री.”

ही माझी आई आहे, असं मी मॅडमना सांगितलं. कशावरून, त्यांनी विचारलं. कारणं मी नंतर शोधली. अंगठा. हनुवटी. कपाळाची एक बाजू. मॅडमनी आमचा फोटो शेजारी धरला, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. असेलही, म्हणाल्या. आमच्या फोटोत आईचा चेहरा म्हणजे पदराखालचा एक पांढुरका डाग. साडी तीच असावी, पण काळ्यापांढऱ्यात शंभर साड्या तशा दिसतात. आमच्या त्या फोटोची निगेटिव्ह डब्यांत सापडते का तेही बघितलं. सापडली नाही.

मग त्यांनी नियम सांगितला. फोटोतल्या माणसाचं नाव लावायचं तर ओळखणारी दोन माणसं हवीत, आणि दोघांनी वेगवेगळं ओळखायला हवं. पूर्वी एकाच आजोबांवर दोन घरांनी हक्क सांगितला होता आणि संग्रहालयात उभं राहून भांडण झालं होतं. तेव्हापासूनचा हा नियम. मला तो पटला. आम्हीही रक्त चढवताना पिशवीवरचं नाव दोघी मिळून वाचतो.

“तुम्ही एक झालात,” मॅडम म्हणाल्या. “दुसरं कोणी आणा. रविवारी उघडतंय प्रदर्शन.”

आमचा फोटो त्यांनी मास्तरांच्या भिंतीवर लावायला ठेवून घेतला आणि बसलेल्या बाईच्या फोटोची एक प्रत मला काढून दिली. घरी येऊन दुसरं कोण ते शोधायला बसले. आईला वयात असताना पाहिलेलं, आणि अजून जिवंत. वडील नाहीत. भाऊ नाही. वडिलांच्या शाळेतले मास्तर गेले. शेजारच्या काकू गेल्या, त्यांच्या पलीकडच्या वाशीला मुलाकडं आहेत आणि मुलालाही ओळखत नाहीत. मुलीला बंगळूरला व्हिडिओ कॉल लावून फोटो दाखवला. तिनं मन लावून बघितला. “मम्मी, माझ्यासाठी आजी म्हणजे पांढरे केस आणि नेब्युलायझर,” ती म्हणाली. “छान आहे पण, ही जी कोण आहे ती.” खरंच बोलली. नवऱ्यानं सासूला पाहिलं तेव्हा ती चाळिशीची होती, आणि तोही आता नाही. आमच्या जेवणाच्या टेबलाला चार खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर इस्त्रीचे कपडे असतात. भिंतीकडच्या दोघींवरचं प्लास्टिक अजून पूर्ण निघालेलं नाही. त्या संध्याकाळी नावं आठवता आठवता लक्षात आलं की आपली आई तरुण होती याला माझ्याशिवाय आता एकच साक्षीदार उरलीय, आणि ती कन्नडला खुबा मोडून पडलीय.

म्हणून ती खुर्ची आणि ते पाकीट.

एसटीला गर्दी होती. मिटलेली खुर्ची दोन बाकांच्या मध्ये उभी केली. एक पटकेवाले बाबा तिला टेकून उभे राहिले आणि वेरूळच्या अलीकडं म्हणाले, “बाई, ती उघडा की. मी बसतो, तुमची बी राखन व्हईल.”

ही दुखणाइताच्या संडासची खुर्ची आहे, असं मी सांगितलं. बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मग तर लईच सोय,” ते म्हणाले. “कन्नडपस्तोर एसटी थांबतच नाय कुठं.”

आख्खी एसटी हसली. कंडक्टर हसत हसत आला आणि खुर्चीचं अर्धं तिकीट फाडायला लागला. दवाखान्याचं सामान आहे म्हणून त्याला थोपवलं.

मावशी पडवीत बाजेवर होती. सुनेनं तिला वेणी घालून बसवलं होतं, चेहरा उतरला होता. मी सामान टेकवून आधी तिचा पाय बघितला, जखम बघितली, गोळ्यांच्या पट्ट्या बघितल्या. मग खुर्ची उघडली. मावशीनं ती बघून तोंड फिरवलं.

“मला मानसासारखं खाली बसू दे,” ती म्हणाली. “ह्याच्यावर काय, राजेशाही व्हय?”

“बसा आत्याबाई,” सून आतून म्हणाली. “खुर्ची मिळाली की मानूस सोडत नाय म्हनत्यात. तुमाला धरून बसवावं लागतंय.”

काखेत हात घालून मी तिला उठवलं, वॉकर दिला, वळवलं, खुर्चीच्या हातावर तिचा हात नेऊन ठेवला. खाली बघू नको, मागं रेटून बस, असं दोनदा सांगावं लागलं. ती बसली. जरा वेळ डोळे मिटून घेतले, मग उघडून अंगणाकडं बघितलं.

“लई उंच झालं,” ती म्हणाली.

तरी बसून राहिली. उतरव म्हणाली नाही. सुनेनं चहा आणला, मावशीनं तो तिथंच बशीत ओतून प्यायला. मूड बरा आहे हे बघून मी पाकीट उघडलं. आधी काहीही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. तिला चष्मा दिला आणि फोटो हातात ठेवला.

“कोन ही?” तिनं विचारलं.

“तू सांग.”

तिनं फोटो उजेडाकडं धरला, जवळ नेला, लांब धरला. “मोठ्या घरची दिसती.”

“कशावरून गं?”

“बसलीय की.”

मी तिला मूठ दाखवली. मुठीतला अंगठा दाखवला. थंडीत सगळेच तसा धरतात, ती म्हणाली, आणि स्वतःची मूठ करून दाखवली. मग मला राहवलं नाही. नियम मोडून मी सांगून टाकलं की ती आई आहे.

मावशीनं फोटो मांडीवर ठेवला. “नाय,” ती म्हणाली.

मग बराच वेळ तीच बोलत राहिली. त्यांच्या लहानपणी आमच्या वस्तीत कुणी बाजेवर, ओट्यावर बसलेलं असलं आणि वाटेनं गावातल्या मोठ्या घरचं माणूस आलं की उठून उभं राहायचं. ते दिसेनासं होईपर्यंत उभंच. म्हातारं असो, ताप असो. बायकांनी तर बाजेवर बसायचंच नाही, सारखं कोण उठणार. दीक्षा घेतल्यावर ते बंद केलं सगळ्यांनी मिळून. बाप्यांनी हौसेनं बाजा बाहेर टाकल्या. पण अक्काच्या अंगातून ते गेलं नाही, मावशी म्हणाली. शाळेच्या कार्यक्रमाला दाजींनी खुर्ची दिली तरी ती पाठीमागं भिंतीला टेकून उभी. ते मलाही माहीत होतं. शेवटच्या आजारात माझ्याच दवाखान्यात होती तेव्हा वॉर्डबॉय जेवणाची गाडी घेऊन आला तरी ही सलाईनसकट उठायला बघायची. पडून राहा म्हणून मी रागवायची.

माझा अंदाज मी मावशीला सांगितला. स्टुडिओवाल्यानं पहिली फिल्म तपासण्यापुरती काढली असेल. दिवा बरोबर आहे का, कॅमेरा चालतोय का. वडील कोट चढवत असतील, समोर आई होती, तिला म्हणाला असेल, बाई, जरा बसा. म्हणून तुटकी बाजूही झाकलेली नाही. तो फोटो कुणाला द्यायचाच नव्हता.

मावशीनं शांतपणे ऐकलं. मला वाटलं, पटलं असेल.

“आगं, ती बसली असती तर मला सांगितल्याबिगर राह्यली असती व्हय?” ती म्हणाली. “त्या दिसाचं समदं सांगितलं तिनं मला. पडद्यावर तळं व्हतं, हंस व्हता. फोटोवाल्याच्या तोंडाला जर्द्याचा वास. दाजी बसलं, म्या मागं उभी राह्यले, म्हन्ली. ती आली की दोघी एका वाकळंत निजायचो आमी. मला नाय सांगितलं तिनं हे.”

दोन्ही खरं असू शकतं, आई बसली असेल आणि तिनं सांगितलं नसेल, एवढंच मी म्हणू शकले असते. पण त्यात मावशीचं काय जात होतं ते मला तिच्या तोंडावर दिसत होतं. मी तिची रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली.

सुनेला माझी अडचण कळली होती. ती दारातून म्हणाली, “ताई, तुमी म्हना, त्या व्हय म्हन्तील. फोनवर त्या बाईंना सांगून टाकू.”

“व्हय की,” मावशी म्हणाली. “तुला पायजे असंल तर म्हन्ते व्हय. माझं काय जातंय? लाव फोन.”

फोन हातात होता. मॅडमचा नंबर वरच होता. एक शब्द हवा होता आणि तो समोर तयार होता. आईचं नाव, मोठ्या अक्षरांत, तिच्या बसलेल्या फोटोखाली, येणारेजाणारे वाचतील. मावशीनं पदर सारखा केला, फोनवर बोलायचं तर तेवढं हवंच.

“नको,” मी म्हटलं.

“का गं? माझ्यावर रागावली व्हय?”

रागावले नव्हते. तिनं व्हय म्हटलं असतं तर पाटीवर नाव आलं असतं, पण ओळखणारी मी एकटीच राहिले असते, आणि वर मावशीला खोटं बोलायला लावलं असतं. हे तिला समजावत बसले नाही. मॅडमना घाई नाही, असं सांगितलं. तिला खुर्चीवरून बाजेवर घेतलं. सुनेकडून तीन वेळा उठवून-बसवून घेतलं, कुठं धरायचं आणि कुठं नाही ते दाखवलं. भांडं कसं काढायचं ते दाखवलं. निघताना मावशीनं फोटो परत मागितला, पुन्हा एकदा बघितला.

“बाई चांगली हाय,” ती म्हणाली. “कुनाची का असंना.” आणि मला परत दिला.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. वेरूळ गेलं, घाट गेला, मी खिडकीला डोकं लावून झोपले. घरी येऊन खिचडी टाकली, कुकर होईपर्यंत फोटो टेबलावर उभा करून ठेवला. बसलेल्या माणसाच्या समोर बसलं की नजरेला नजर येते. उभ्या असलेल्या आईकडं मी जन्मभर मान वर करूनच बघितलं होतं. मुलीचा मेसेज होता, काय झालं. मावशीला खुर्ची आवडली, असं लिहिलं. फोटोचं विचारलं तिनं, तेव्हा नाही म्हणाली एवढंच लिहिलं. तिनं रडका चेहरा पाठवला. मी जेवले, भांडी घासली, आणि घासता घासता त्या पाटीचा विचार करत राहिले. एखादं औषध कुणी कुणाच्या सांगण्यावरून दिलं हे विचारायची मला सवय आहे. तोच प्रश्न मला इतके दिवस सुचला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीच्या आधी संग्रहालयात गेले. मॅडम शिडीवर होत्या. मावशी नाही म्हणाली, असं मी खालूनच सांगितलं. त्या खाली उतरल्या, त्यांना खरंच वाईट वाटलं. आता नियमाप्रमाणे पाटी आहे तशी ठेवावी लागेल, म्हणाल्या.

“ठीक आहे,” मी म्हटलं. “पण ते प्रतिष्ठित घराणं कुणी ओळखलं?”

मॅडमनी पाटीकडं बघितलं.

“दोन माणसं लागतात ना,” मी म्हटलं.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “मीच लिहिलं. ती बसलेली होती म्हणून.”

मग त्या स्वतःच तुटक्या जबड्याकडं बघत राहिल्या. पैसे देऊन फोटो काढून घेणाऱ्या घरानं हे असं राहू दिलं नसतं, म्हणाल्या. माझ्या लक्षात यायला हवं होतं. वाद घालायचं काही उरलं नाही. त्यांनी नवीन पाटी लिहिली: “खुर्चीवर बसलेली स्त्री. ओळख पटलेली नाही.” खाली लहान अक्षरांत “एका कुटुंबाच्या मते” असं काही घालू का, त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. कुटुंब म्हणजे मी एकटी. त्याला मत म्हणण्यात अर्थ नव्हता. आमचा घरचा फोटो शेजारी लावू का, बघणारे बघतील, असंही त्या म्हणाल्या. त्यालाही नको म्हटलं. वडिलांचा फोटो मास्तरांच्या भिंतीवर आहे तो तिथंच असू दे.

जुनी पाटी निघताना भिंतीवर डिंकाचा चौकोन राहिला. मॅडम तो नखानं खरवडायला लागल्या. रंग जाईल म्हणून मी त्यांना थांबवलं, पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला आणि पुसून घेतलं. जागा सुकल्यावर त्यांनी नवीन पाटी चिकटवली. सरळ आहे का बघायला मी दोन पावलं मागं गेले. डावीकडून किंचित उतरली होती. सांगितल्यावर त्यांनी नीट केली. मग मी हात धुतले आणि जालना रोडवरून रिक्षा पकडून ड्युटीवर गेले.